टोळधाड म्हणे!

गाजावाजा करून आणलेला एखादा ऑनलाइन गेम आपटला, की गुन्हेगार शोधायची तसदी हल्ली कोणी घेत नाही. तो आधीच ठरलेला असतो: खेळाडू. त्याच्या अपेक्षा अवाच्या सवा होत्या. त्याला धीर नव्हता. वर्षभर पुरावं म्हणून बनवलेलं त्याने महिन्याभरात फस्त केलं आणि वर ‘आता पुढे काय?’ म्हणून गळा काढला. गेमिंगच्या जगात अशा खेळाडूंना टोळ म्हणायची पद्धतच आहे. शेतावर उतरायचं, सगळं चट्टामट्टा करायचं आणि पुढच्या शेताकडे उडायचं. हा सिद्धांत फार सोयीचा आहे. तो एकदा मान्य केला की गेम बनवणाऱ्याला काही सुधारावं लागत नाही, विकणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही आणि आगाऊ पैसे मोजलेल्या निष्ठावंताला आपण फसलो असं वाटून घ्यावं लागत नाही. एवढ्या जणांची एकदम सोय लावणारं मत खरं असण्याची शक्यता किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

या मताचा सर्वांत लाडका पुरावा म्हणजे ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’. हजारो लोकांनी एकाच वेळी एकाच आभासी जगात आपापलं पात्र घेऊन वावरायचं, लढायचं, देवाणघेवाण करायची, अशा जातीचा हा गेम. बनवणारी बायोवेअर, पैसा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याची घोषणा झाली आणि २० डिसेंबर २०११ रोजी तो बाजारात आला. लॉस एंजेलिस टाइम्सने तेव्हा दिलेल्या अंदाजानुसार सहा वर्षं, चार खंडांवरची आठशेहून अधिक माणसं आणि २० कोटी डॉलरच्या आसपास खर्च. पहिल्या तीन दिवसांत १० लाख लोक आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने १७ लाख वर्गणीदारांचा आकडा अभिमानाने जाहीर केला. मे महिन्यात तो १३ लाख झाला. जुलै संपेपर्यंत १० लाखांच्या खाली गेला आणि १५ नोव्हेंबर २०१२ ला गेम फुकट खेळायला खुला करावा लागला. अकरा महिने पुरते झाले नव्हते.

यावर टोळवाद्यांचं म्हणणं असं. बायोवेअरने साम्राज्य आणि प्रजासत्ताक या दोन बाजूंच्या मिळून आठ क्लासना, म्हणजे पात्रप्रकारांना, आठ वेगवेगळ्या कथा दिल्या, प्रत्येक संवाद नटांकडून बोलून घेतला, दोन लाखांहून अधिक ओळी, म्हणजे गिनेस बुकात नोंद होईल एवढं काम. आणि खेळाडूंनी काय केलं? स्पेसबार दाबून संवाद ओलांडले, पन्नासाव्या लेव्हलला धावत सुटले, पोहोचल्यावर आजूबाजूला पाहिलं आणि इथे करायला काही नाही म्हणून चालते झाले. पुस्तकाची पानं न वाचता उलटणाऱ्याने कादंबरी पातळ निघाल्याची तक्रार का करावी?

ऐकायला ठणठणीत. आता जरा आत शिरू.

स्पेसबार दाबणारे होतेच, कुठल्या गेममध्ये नसतात? पण ज्यांनी एकही संवाद सोडला नाही, चोरट्या मालवाहू कप्तानाच्या प्रत्येक कोटीवर जे हसले, हेराच्या कथेत कोणावर विश्वास ठेवावा म्हणून जे अडखळले, ते शेवटी कुठे पोहोचले? त्याच पन्नासाव्या लेव्हलला, त्याच अवकाशस्थानकावर. दोन-चार आठवडे उशिरा, एवढाच फरक. हळू चालणाऱ्यालाही रस्ता तिथेच संपलेला दिसत असेल, तर दोष चालण्याच्या वेगाचा कसा?

शिवाय हा गेम एकदा विकून मोकळं व्हायचं पुस्तक नव्हतंच. महिन्याला १४.९९ डॉलर, तेव्हाच्या दराने आठशे रुपयांच्या आसपास, अशी वर्गणी होती. दर महिन्याला पैसे घ्यायचे म्हणजे दर महिन्याला येण्याचं कारण द्यायचं, हा करार कंपनीने स्वतःच मांडलेला. लोकांना पंगतीला बसवायचं, पानाचे पैसे आधी घ्यायचे, दुसऱ्या वाढपाची सोय ठेवायची नाही आणि मग म्हणायचं, पाहुणे अधाशी!

पण हे तर उत्तराचं टोक झालं. टोळ-सिद्धांताची खरी लबाडी वेगळीच आहे. लोक गेले ते खाद्य संपलं म्हणून, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. मग वाद फक्त एवढाच उरतो की खाद्य कमी होतं की खाणारे हावरे होते. हे गृहीतकच मला मान्य नाही. या जातीच्या गेममध्ये खाद्य नेहमीच संपतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येही संपायचं. तरी तिथे लोक तोच राक्षस आठवड्यामागून आठवडे मारायला का जात? त्यांना त्या राक्षसाचं अप्रूप होतं? तो कधी काय करणार हे त्यांना तोंडपाठ होतं. ते जात, कारण मंगळवारी रात्री गिल्डमधले, म्हणजे आपल्या कायमच्या गटातले, ओळखीचे लोक येणार असत, त्यांना आपली गरज असे आणि आपल्याला त्यांची. ढाल धरणारा नसेल तर जखमा भरणारा मेला, जखमा भरणारा नसेल तर सगळेच मेले. या परस्परावलंबनावर हा सगळा प्रकार उभा असतो. ओल्ड रिपब्लिकने नेमका त्यावरच घाव घातला, आणि तोही मोठ्या प्रेमाने.

कसा ते पाहा. प्रत्येक खेळाडूला पाच सोबती मिळत, संगणकाने चालवलेले. त्यांतला कोणी तुमच्यापुढे उभा राहून मार खाई, कोणी तुमच्या जखमा भरी. तुम्ही लढाईत असताना बाकीचे कच्चा माल गोळा करून आणत, शस्त्रं-कपडे बनवत. ते तुमच्याशी बोलत, रुसत, भेटवस्तू दिल्या की खूश होत, काहींशी लग्नही करता येई. या सोबत्यांचं लेखन उत्तम होतं. इतकं उत्तम, की जिवंत माणसाशी बोलायचं कारणच उरलं नाही. तलवार हवी तर लोहाराची ओळख काढायला नको, जखमी झालात तर वैद्य शोधायला नको. लाखो माणसांना एकत्र आणायचं आणि प्रत्येकाला असं घर बांधून द्यायचं की त्याला उंबरा ओलांडावा लागू नये! मग काही महिन्यांनी त्याला घरात कोंडल्यासारखं झालं, तर तो कृतघ्न?

यातून निर्माण झालेली विनोदी दृश्यं कोणी विसरणार नाही. कथा सांगायची तुम्हीच तेवढे निवडलेले. जेडाय योद्ध्याला वाटायचं सम्राटाला आव्हान देणारा आपणच एक. सिथ इन्क्विझिटरची कथा त्याला डार्क काउन्सिलच्या आसनापर्यंत नेऊन बसवायची. साम्राज्यावर सत्ता गाजवणाऱ्या या मंडळात आसनं बारा. आणि अवकाशस्थानकावर बघावं तर या मंडळाचे शंभरेक सन्माननीय सदस्य खरेदीविक्रीच्या यंत्रापुढे ताटकळत उभे. प्रत्येक बाउंटी हंटरच्या मागे तीच माको, प्रत्येक स्मगलरच्या मागे तोच कोर्सो रिग्ज. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ‘तूच तो’ हे वाक्य अंगावर रोमांच आणतं. गर्दीत ते प्रत्येकाच्या कानात सांगितलं की काय होतं, हे आठशे माणसांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नसेल?

आलं होतं, हेच तर दुःख. या गेममध्ये सामुदायिक संवाद नावाची एक फार हुशार युक्ती होती. चार खेळाडू मिळून एखाद्या मोहिमेवर गेले, की समोरच्या पात्राला काय उत्तर द्यायचं ते प्रत्येकाने निवडायचं, मग फासे पडत आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं उत्तर बोललं जाई. साम्राज्याच्या बाजूची ‘ब्लॅक टॅलन’ ही अगदी सुरुवातीची मोहीम घ्या. जहाजाचा कप्तान आत्मघातकी हुकूम पाळायला नकार देतो. त्याला ठार करायचं की जिवंत ठेवायचं? तुम्ही दया निवडता, शेजारच्या अनोळखी खेळाडूचा फासा जिंकतो आणि कप्तानाचं प्रेत पडतं. मग चौघांत जी हमरीतुमरी होई, ती खरी या गेमची देणगी. कथा आणि माणसं एका जागी आली होती. असं दुसऱ्या कोणी केलेलं नव्हतं. आणि त्याचं पुढे काय झालं? दहाव्या लेव्हलच्या आसपास ही चुणूक दाखवून झाली आणि नंतरच्या बऱ्याच मोहिमांत संवाद आटत गेले. उरल्या खोल्या, पहारेकरी आणि शेवटी एक बॉस. हातात हिरा सापडला होता, तो खिशात टाकून हे लोक पुन्हा कोळसा खणायला गेले. यावर टोळवाद्यांचं काही म्हणणं आहे का? मी तरी ऐकलेलं नाही.

आठ कथांचाही हिशेब एकदा मांडू. आठ कथा होत्या, खऱ्या होत्या, आणि त्यांतली इम्पिरियल एजंटची कथा मी बायोवेअरच्या उत्तम लेखनात धरतो. पण कथा म्हणजे खेळण्याच्या तासांतला एक भाग. तिचे दोन तुकडे खेळण्याच्या मध्ये प्रत्येक ग्रहावरची इतर कामं करावीच लागत, कारण त्याशिवाय लेव्हल वाढत नसे, आणि ती कामं एका बाजूच्या चारही क्लासना तीच. म्हणजे दुसरं पात्र घेऊन पुन्हा सुरुवात करणाऱ्याला नव्या कथेचा घोट घेण्यासाठी जुन्याच ग्रहावर जुनीच माणसं, जुनेच संवाद आणि जुनेच खोके पुन्हा भोगावे लागत. दोन्ही बाजूंचे क्लास एकमेकांचं प्रतिबिंब, त्यामुळे साम्राज्य सोडून प्रजासत्ताकाकडे आलं तरी हातातली हत्यारं फक्त नाव बदलून समोर येत. इथे स्पेसबार दाबणाऱ्याला उतावळा म्हणायचं? तीच फिर्याद दुसऱ्यांदा मन लावून ऐकणारा खेळाडू कंपनीला कुठे भेटला होता, ते तिनेच सांगावं.

आणि बोललेल्या संवादाचा खर्च. नवं काम घालायचं तर लिहायचं, मग इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांत नट बोलावून ध्वनिमुद्रण करायचं, मग त्यावर दृश्यं बसवायची. म्हणजे जी गोष्ट एकदाच ऐकली जाते, तीच बनवायला सर्वांत महाग आणि सर्वांत संथ. हे गणित बांधणाऱ्याने केलेलं असतं, खेळणाऱ्याने नाही.

आता अपेक्षांचं. लोकांनी फार अपेक्षा ठेवल्या म्हणे. अपेक्षा आकाशातून पडल्या? २००९, २०१० आणि २०११, सलग तीन वर्षं लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात एकेक चित्रपटासारखा ट्रेलर दाखवला गेला. ब्लर स्टुडिओने बनवलेले ते ट्रेलर आजही बघावेत, जेडाय मंदिराच्या दारातून यान घुसतं तो प्रसंग तर जरूर बघावा. त्यातलं एकही दृश्य प्रत्यक्ष गेममधलं नव्हतं. लढाई, भटकंती आणि पात्राची वाढ हे तर सगळ्यांकडे आहेच, आम्ही कथेचा चौथा खांब उभा करतो आहोत, हे बायोवेअर मुलाखती-मुलाखतींतून सांगत होती. तीन वर्षं ढोल बडवायचा आणि लोक नाचायला लागले की म्हणायचं, किती उतावीळ! मार्केटिंगचा खर्च अपेक्षा वाढवण्यासाठीच करतात ना? मग त्या वाढल्या तर पैसे वसूल झाले म्हणायचे.

स्टार वॉर्सच्या नावाने गेम काढलात आणि अवकाशयुद्ध दिलंत ते रुळावरून धावणारं. यान आपोआप पुढे सरकतं, तुम्ही फक्त नेम धरायचा, तेही एकट्याने. मित्राला शेजारी घेऊन दुसरं यान उडवायची सोय तेव्हा नव्हती. हे मागणंही अवाजवी?

तिसरा बचाव मोठा प्रतिष्ठित आहे: नव्या गेमची तुलना सात वर्षं मुरलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टशी करणं अन्याय्य. बाळाला थोडा वेळ द्या. वा! बाळाची वर्गणी मात्र त्या मुरलेल्या गेमइतकीच, सेंटपर्यंत सारखी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवणारी सोय डिसेंबर २००९ मध्ये आणली होती. दोन वर्षांनी येणाऱ्या गेमला ती दिसली नव्हती? ओल्ड रिपब्लिकमध्ये ती आली जून २०१२ मध्ये. तोवर सहा महिने लोक अवकाशस्थानकावर उभे राहून चॅटमध्ये हाका मारत होते: एक वैद्य हवा, एक वैद्य हवा. आधीच सोबत्यांमुळे माणसाला माणूस नको झालेला, त्यात हवा असेल तेव्हा शोधायला साधन नाही. वर सुरुवातीच्या गर्दीला घाबरून उघडलेले दोनशेहून अधिक सर्व्हर. गर्दी ओसरली तसा त्यांतला एकेक ओस पडला आणि दुसऱ्या सर्व्हरवर जायची परवानगी मिळायलाही जूनच उजाडला. जिथे संध्याकाळी ग्रहावर चिटपाखरू नाही तिथे रोज येऊन पैसे भरणाऱ्याला काय म्हणावं, सहनशील?

खेळाडूंनी एकमेकांशी लढावं म्हणून राखलेल्या इलम ग्रहाची गोष्ट आठवण करून द्यावी लागेल, कारण ती सोयीस्करपणे विसरली जाते. जानेवारी २०१२ च्या पॅचनंतर तिथे साम्राज्याच्या झुंडीने प्रजासत्ताकाच्या तळावर ठाण मांडलं आणि पुन्हापुन्हा जिवंत होणाऱ्यांना पुन्हापुन्हा मारून गुणांची लूट केली. बऱ्याच सर्व्हरवर साम्राज्याची माणसं जास्त आहेत, हे कंपनीला आपल्याच आकड्यांवरून कळायला हवं होतं. मोठी लढाई जमली की चित्र असं अडखळे की युद्ध चाललंय की स्लाइड शो, कळेना. पुढे तो प्रकारच काढून टाकला.

‘पहिल्या प्रेमासारखं पुन्हा काही वाटत नाही, खेळाडू जुन्या आठवणीत अडकलेत’ हाही एक सूर असतो. त्याला फार वेळ देत नाही. लाखो वर्गणीदारांना एकाच तिमाहीत स्मरणरंजनाचा झटका आला असेल तर तो वैद्यकशास्त्राचा विषय आहे.

मग हुकमी एक्का बाहेर येतो: अहो, गेम अजून चालू आहे! आहे खरा. २०२३ मध्ये तो ब्रॉडस्वर्ड नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे सोपवला गेला, तरी चालू आहे. पण चालू कशाच्या जोरावर आहे ते पाहा. फुकट झाला तेव्हा फुकट्यांना हत्यारांच्या बटणांच्या पट्ट्याही मोजून दोनच दिल्या होत्या, बाकीच्या विकत घ्यायच्या. २०१७ मध्ये सर्व्हर उरले पाच. त्याआधी ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’ आलं, आणि ते होतं सरळसरळ एकट्याने खेळायचं, मालिकेसारखं प्रकरणांत दिलेलं कथानक. गटाने करायचं नवं ऑपरेशन यायला २०१७ चा एप्रिल लागला. म्हणजे कंपनीने टोळांचीच तक्रार कृतीने कबूल केली: आम्हाला एकट्याचा गेम येतो, तोच आम्ही बनवतो. हे २०११ मध्ये वेष्टणावर छापलं असतं तर निदान भांडण झालं नसतं.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की खेळाडूची जातच असंतुष्ट, कितीही केलं तरी रडणार, त्यांच्यासाठी जपानचं उदाहरण आहे. स्क्वेअर एनिक्सचा ‘फायनल फॅन्टसी १४’ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि ओल्ड रिपब्लिकहून वाईट आपटला. साधी यादी उघडायलाही सर्व्हरची वाट बघावी लागे, भूप्रदेशाचे तेच ते तुकडे जोडलेले, आणि आठवड्यात एका क्लासवर ठरावीक तासांहून जास्त वेळ घालवला तर अनुभवाचे गुण आटत जाऊन शून्यावर येण्याची शिक्षा. तिथे सुंदर कुंड्या होत्या. पुढे नाओकी योशिदा यांनी जाहीर भाषणात सांगितलं की एकेका कुंडीवर खेळाडूच्या पात्राएवढाच तपशील खर्च झाला होता. पण त्या कंपनीने टोळधाडीचं पुराण लावलं नाही. डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्ष योइची वादा यांनी माफी मागितली, निर्माता बदलून सूत्रं योशिदांकडे दिली आणि २०१२ उजाडेपर्यंत वर्गणी घेतली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये एक चंद्र कोसळवून ते सगळं जग कथेतच नष्ट केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पायापासून बांधलेला गेम आणला. त्यातही कथा मध्यवर्तीच आहे, मैलोन्‌मैल आहे, लोक ती वाचतात आणि रडतात. पण कथेच्या वाटेवरच्या गुहा तेव्हा चौघांनी मिळून पार कराव्या लागत, जुन्या खेळाडूला नवख्याबरोबर त्याच गुहेत परत जायला रोज बक्षीस मिळतं, त्यामुळे नवख्याला सोबत आपोआप मिळते.

खेळाडू तेच होते. तेवढेच उतावळे, तेवढेच कटकटे, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आठवणीत तेवढेच बुडालेले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांची एवढी रीघ लागली की सर्व्हर पुरेनात आणि स्क्वेअर एनिक्सला आपल्याच गेमची विक्री काही आठवडे थांबवावी लागली. ओल्ड रिपब्लिकच्या खेळाडूंनी पहिल्या महिन्यापासून सांगितलं होतं की आम्हाला एकमेकांसाठी काही करायला द्या. हे आठशे माणसांना आणि २० कोटी डॉलरना ऐकू गेलं नाही, आणि त्याची शिक्षा भोगून झाल्यावरही नाव कोणाचं खराब करायचं, तर पैसे भरणाऱ्यांचं.